दूरस्थ श्रोता आणि विक्रेत्याचे वक्तृत्व

वक्तृत्व म्हटले की मराठी अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर प्रथम व्यासपीठ उभे राहते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला, टिळकांचे निरलंकार परंतु नेमके भाषण, शिवराम महादेव परांजप्यांची वक्रोक्ती, अत्र्यांच्या विराट सभा आणि या सर्वांची दूरवर पडलेली छाया म्हणजे महाविद्यालयांतील वक्तृत्वस्पर्धा, असा या परंपरेचा क्रम सामान्यतः सांगितला जातो. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमांत वक्तृत्वाला जे स्थान मिळाले, तेही याच परंपरेच्या पुण्याईवर. तथापि हा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी व्यासपीठावर उभे राहण्याचा योग फारच थोड्यांना येतो. त्यांच्यापैकी अनेकांना बोलण्याचे काम मिळते ते निराळ्याच जागी. एका खोलीत, कानाला हेडफोन लावून, न पाहिलेल्या माणसाला विमा, कर्ज, शिकवणीचा वर्ग किंवा एखादी संगणकप्रणाली विकण्याचे हे काम असते. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर तर जी विक्री पूर्वी समक्ष भेटीवाचून होत नसे, तीही व्हिडिओ कॉलवर होऊ लागली. या विक्रेत्यांना वक्तृत्व शिकविण्यासाठी जी हस्तपुस्तके लिहिली जातात आणि जे वर्ग भरतात, त्यांतील बहुतेक उपदेश व्यासपीठावरून उचललेला असतो. आवाज बुलंद ठेवा, हातवारे करा, आत्मविश्वास दाखवा, श्रोत्यांवर छाप पाडा, हे त्या उपदेशाचे सार होय. ज्या श्रोत्याला वक्ता पाहू शकत नाही, किंबहुना जो श्रोता एकटाच आहे, त्याच्यापुढे ही कला कितपत उपकारक ठरते, याची तपासणी होणे आवश्यक आहे.

वक्तृत्व आणि विक्री यांची सांगड मुळात कशी पडली, हे प्रथम पाहिले पाहिजे. अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने १८८७ साली आपल्या विक्रेत्यांसाठी एक लहानशी पुस्तिका तयार केली. गल्ल्याचे यंत्र विकताना काय बोलावयाचे, हे तीत सांगितलेले होते आणि ते विक्रेत्याने पाठ करावे अशी अपेक्षा होती. विक्रेत्याच्या हाती आजही जी तयार संहिता दिली जाते, तिच्या आद्य नमुन्यांपैकी हा एक होय. पुढे १९१२ साली न्यूयॉर्कमधील वाय. एम. सी. ए. या संस्थेत डेल कार्नेगी यांनी प्रौढांसाठी भाषणकलेचे सायंवर्ग सुरू केले. कार्नेगी हे त्यापूर्वी आर्मर कंपनीचे फिरते विक्रेते होते. साबण, चरबी, खारविलेले मांस असला माल ते विकत असत. त्यांच्या वर्गाला येणारी माणसेही बव्हंशी व्यापारउदिमातीलच होती. १९३६ साली त्यांचे जगप्रसिद्ध पुस्तक निघाले आणि सभेत बोलण्याची भीती घालविणे व माल खपविणे ही दोन कौशल्ये लोकांच्या मनात कायमची एकत्र बांधली गेली. कार्नेगींवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, समोरच्याचे ऐकून घेण्यावर त्यांचा भर त्यांच्या अनुकरणकर्त्यांपेक्षा पुष्कळच अधिक होता. अनुकरणकर्त्यांनी मात्र व्यासपीठ तेवढे घेतले आणि ऐकून घेणे मागे ठेवले.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करू लागल्यास दोन प्राचीन ग्रंथांकडे जावे लागते. एक ॲरिस्टॉटलचे वक्तृत्वशास्त्र आणि दुसरा भरताचे नाट्यशास्त्र. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथातील विश्वासार्हता, भावना व युक्तिवाद ही त्रयी प्रत्येक हस्तपुस्तकात आढळते, म्हणून तिची पुनरुक्ती येथे करण्याचे कारण नाही. तिसऱ्या भागातील एका विवेचनाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. तेथे ॲरिस्टॉटलने जनसमूहापुढील भाषणाची तुलना दुरून पाहावयाच्या चित्राशी केली आहे. समुदाय जितका मोठा, तितका पाहणारा दूर. आणि पाहणारा दूर असला की बारकावे निरर्थक, किंबहुना हानिकारक ठरतात, ठळक रेषा तेवढ्या पुरतात. याउलट न्यायसभेतील भाषणात अधिक काटेकोरपणा लागतो आणि न्यायाधीश एकच असेल तर सर्वांत अधिक, कारण प्रस्तुत काय आणि अप्रस्तुत काय हे त्याला एका दृष्टिक्षेपात दिसते. येथे अंतराची कल्पना मैलांत मोजलेली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. श्रोत्यांची संख्या आणि त्यांची तपासून पाहण्याची शक्ती यांवर ते अंतर अवलंबून आहे.

या कसोटीवर दूरस्थ विक्रीतील ग्राहक कोठे बसतो? तो शेकडो मैलांवर असेल, परंतु तो एकटा आहे, पैसा त्याचा आहे आणि निर्णयही त्याचाच आहे. म्हणजे तो एकच न्यायाधीश होय. त्याच्यापुढे सभेतील ठळक रेषा काढणे म्हणजे हातात घेऊन पाहावयाच्या लघुचित्रावर भिंत रंगविण्याचा कुंचला फिरविण्यासारखे आहे. यावर असा आक्षेप येईल की, व्हिडिओ कॉलवरील सादरीकरणाला कित्येकदा तीस-चाळीस माणसे असतात, तेथे तरी समूहाचे नियम लागू व्हावेत. आक्षेप सकृद्दर्शनी योग्य वाटतो, पण टिकत नाही. समूह हा केवळ संख्येने होत नाही. एकाचे हसू दुसऱ्याला लागते, एकाची अस्वस्थता शेजाऱ्याच्या खांद्याला जाणवते, तेव्हा समूह बनतो. पडद्यावरील चाळीस चौकटींत आवाज बंद करून बसलेली माणसे म्हणजे चाळीस एकटे श्रोते होत. त्यांच्यातील एकाचेही हसू दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. सभा गाजविणाऱ्या वक्त्याची जी मुख्य शक्ती, ती येथे अनुपस्थित असते.

भरताच्या विवेचनातून हाच विचार अधिक सूक्ष्म होतो. पाठ्याचे गुण सांगताना त्याने आवाजाची तीन स्थाने सांगितली आहेत: उर, कंठ आणि शिर. दूर असलेल्याशी बोलताना शिरःस्थानातून, फार दूर नसलेल्याशी कंठातून आणि जवळच्याशी उरातून, असा त्याचा विनियोग आहे. सहा अलंकारांत जो ‘उच्च’ नावाचा अलंकार येतो, त्याचाही एक उपयोग दूरच्याला हाक मारण्याचा आहे. नवशिक्या विक्रेत्याची चूक नेमकी येथे सापडते. ग्राहक नागपुरास आहे आणि आपण पुण्यात आहोत, या जाणिवेने तो नकळत शिरःस्थानातून बोलतो. परंतु ध्वनिग्राहक त्याच्या ओठांपासून चार बोटांवर असतो आणि दुसऱ्या टोकाला त्याचा आवाज थेट ग्राहकाच्या कानात उतरतो. ध्वनीच्या दृष्टीने हा श्रोता पार्श्वस्थ आहे, मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसापेक्षाही जवळ. त्याच्याशी उरातूनच बोलले पाहिजे. आवाजाची पातळी ठरविण्याचा अधिकार तर श्रोत्याच्या अंगठ्याकडे गेलेला असतो, त्यामुळे बुलंद आवाजाला त्याच्यापुढे कसलीच किंमत उरत नाही. दूरस्थ विक्रीतील श्रोता स्थलाने दूर, ध्वनीने निकट आणि प्रतिसादाच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य, अशा तिहेरी अवस्थेत असतो. व्यासपीठाने यांपैकी पहिल्या अंतरावर मात करण्याची कला शिकविली. ते अंतर यंत्राने आधीच नाहीसे केले आहे. तिसऱ्या अंतराविषयी व्यासपीठाला काही सांगावयाचे नाही, कारण त्याला ते कधी जाणवलेच नाही.

हे तिसरे अंतर किती महत्त्वाचे आहे, ते साडीच्या दुकानात बसून पाहिल्यास कळते. गादीवरचा जुना विक्रेता फारसे बोलत नाही. तो एकामागून एक घड्या उलगडीत जातो आणि गिऱ्हाइकाची नजर कोठे थबकते ते पाहत राहतो. बोट काठावर फिरले की तो तोच काठ दुसऱ्या रंगात काढतो, नजर किमतीच्या चिठ्ठीकडे गेली की खालच्या फळीवरचा गठ्ठा ओढतो. त्याचे सारे वक्तृत्व ग्राहकाच्या मुद्रेचे वाचन करण्यात आहे. हीच पैठणी कॅमेऱ्यासमोर उलगडून दाखविताना पदर दिसतो, मोर दिसतो, जर चमकते. पण पाहणारीची नजर कोठे थांबली हे दाखविणाऱ्याला कळत नाही. मग तो काय करतो? तो अधिक बोलू लागतो. न दिसणाऱ्या मुद्रेची जागा शब्दांनी भरून काढण्याचा हा मोह जवळजवळ अनिवार असतो आणि दूरस्थ विक्रीतील वाचाळतेचे मूळ विक्रेत्याच्या स्वभावात नसून या पोकळीत आहे.

लोकपरंपरेला ही पोकळी ठाऊक होती, असे म्हणावयास जागा आहे. कथा सांगणारा श्रोत्याकडून हुंकार मागतो. हुंकार थांबला की कथा थांबते. पोवाड्यात तर शाहिराच्या मागचे झीलकरी ‘जी जी’ म्हणून तो हुंकार रचनेतच बसवून टाकतात. श्रोते मुके राहिले तरी कवनाला प्रतिसादाची खोट येत नाही. फोनवरील मराठी संभाषणातील ‘हं’, ‘बरं’, ‘हो का’ यांचे कार्य हेच आहे. संवादाच्या अभ्यासकांनी यास उभय पक्षांची समान भूमी तयार करणे म्हटले आहे. हर्बर्ट क्लार्क आणि सुझन ब्रेनन यांनी १९९१ साली दाखवून दिले की, ही भूमी तयार करण्याचा खर्च माध्यमागणिक बदलतो. समक्ष भेटीत जे मान डोलावून होते, त्याला अन्य माध्यमांत शब्द खर्चावे लागतात. व्हिडिओ कॉलवर सर्वांचे आवाज बंद ठेवण्याची जी शिस्त पाळली जाते, तिने गोंगाट टळतो हे खरे, पण हुंकारही मरतो. प्रतिसाद आपोआप येत नसेल तर तो पोवाड्याप्रमाणे रचनेतच योजला पाहिजे, म्हणजे दर दोन-तीन वाक्यांनंतर श्रोत्याला बोलणे भाग पडेल अशी जागा ठेवली पाहिजे. हे तत्त्व व्यासपीठावर शिकता येत नाही.

आता विक्रेत्याच्या हाती पडणाऱ्या मराठीचाच एक नमुना परीक्षणासाठी घेऊ पाहता येईल. पुढील वाक्ये कोणा एका कंपनीची नव्हेत. या प्रकारच्या संहितांची जी सर्वसाधारण घडण असते, तिला अनुसरून ती रचलेली आहेत. “नमस्कार सर, मी अमुक कंपनीकडून बोलत आहे. आज आपल्यासाठी आमच्याकडे एक अतिशय आकर्षक अशी योजना आलेली आहे, ज्याच्यामध्ये आपल्याला मिळणार आहे आयुष्यभराचे संरक्षण. तर मी आपला फक्त दोन मिनिटांचा वेळ घेऊ शकते का?” व्याकरणदृष्ट्या यात अक्षम्य असे काही नाही. तथापि हे मराठी कोणाच्याही तोंडचे नाही. ‘ज्याच्यामध्ये’ हे शेपटासारखे जोडलेले उपवाक्य परभाषेच्या वळणाचे आहे. बोलती मराठी अशा जागी एक तर संबंधी उपवाक्य आधी आणते, नाही तर सरळ दोन वाक्ये करते. ‘मिळणार आहे आयुष्यभराचे संरक्षण’ हा क्रियापदाचा विपर्यय जाहिरातीच्या फलकावर शोभतो. कानात तो नाटकी वाटतो आणि ऐकणारा तत्क्षणी ओळखतो की, हे पाठ केलेले आहे. ‘वेळ घेऊ शकते का’ यात हिंदीची छाया आहे. मराठी माणूस ‘दोन मिनिटं बोलू का?’ असे विचारतो. याहून मोठा दोष रचनेचा आहे. जे सांगावयाचे ते सर्व सांगून झाल्यावर परवानगी मागितलेली आहे. न्यायाधीशाने निकाल देण्यापूर्वी त्याला विचारले गेले आहे ते इतकेच की, तुम्ही अजून ऐकाल ना? या प्रश्नाला फोन ठेवून देणे हेच सर्वांत सोपे उत्तर ठरते.

संबोधनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘आपण’ हे सर्वनाम मराठीत आदरार्थी द्वितीय पुरुषी आहे आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ या अर्थाने प्रथम पुरुषीही आहे. समोरासमोर बोलताना हात कोणाकडे वळला, यावरून अर्थ लागतो. फोनवर “आपण हा हप्ता आत्ता भरला तर” हे वाक्य ऐकणाऱ्याला भरणार कोण हे क्षणभर उलगडत नाही, आणि ज्या विक्रेत्याला खोटी भागीदारी सुचवावयाची असते, त्याला ही संदिग्धता सोयीचीच असते. व्यवहार पैशाचा असता ‘तुम्ही’ हेच सर्वनाम स्वच्छ होय. त्यात आदर उणा नाही आणि जबाबदारी कोणाची हे स्पष्ट राहते. ‘सर’, ‘मॅडम’ हे नगरांत रुळले आहेत, त्यांची चेष्टा करण्यात अर्थ नाही. मात्र आपलेपणासाठी दादा, ताई, भाऊ, अण्णा, मावशी अशी नाती सरसहा जोडावीत, हा सल्ला धोक्याचा आहे. ही संबोधने प्रदेशागणिक बदलतात आणि वय पाहून वापरली जातात. केवळ आवाजावरून वय ठरवून एखाद्या स्त्रीला ‘काकू’ म्हणणारा विक्रेता पुढचे वाक्य बोलण्याची संधी क्वचितच मिळवितो. (भरताची काकू ही अर्थातच निराळी, पण तिच्या बाबतीतही तो येथे चुकलेलाच असतो.)

वरील नमुन्याच्या जागी असे म्हणता येईल: “नमस्कार, मी अमुक विमा कंपनीकडून बोलते आहे. तुम्ही मागच्या आठवड्यात आमच्याकडे चौकशी केली होती, त्यासंबंधी फोन आहे. आत्ता बोलू का, की नंतर करू?” यात सौंदर्य असे काहीच नाही. परंतु कोण, कशासाठी आणि आता की नंतर, या तीन गोष्टी ऐकणाऱ्याला पहिल्या श्वासातच कळतात, आणि ‘की नंतर करू’ या तीन शब्दांनी त्याच्यासमोर नकाराखेरीज दुसरी वाट ठेवली जाते. शेवटचे वाक्य भरताच्या परिभाषेत साकांक्ष काकूने म्हणावयाचे आहे, अर्थ अपुरा ठेवून, उत्तराची वाट पाहत. आधीच्या नमुन्यातील प्रश्न लिहिताना प्रश्नच होता, पण पाठ म्हणणाऱ्याच्या तोंडी तो निराकांक्ष होतो. त्याला उत्तराची गरज नसते. संहिता सारखीच असूनही एक विक्रेता ऐकला जातो व दुसरा ऐकला जात नाही, याचे रहस्य पुष्कळदा एवढ्याशा स्वरभेदात असते.

याच संदर्भात माध्यमाच्या भौतिक मर्यादांचा उल्लेख केला पाहिजे. पारंपरिक दूरध्वनीवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनिपट्टा वाहून नेला जातो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारी ऊर्जा बरीचशी त्याच्या वर असते, त्यामुळे ती एकमेकांत मिसळतात. मराठी संख्यावाचकांची स्थिती यामुळे विशेष बिकट होते. ‘पंचावन्न’ व ‘पंच्याण्णव’, ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ यांतील भेद एखाद्या क्षीण ध्वनीवर लटकलेला असतो, आणि विक्रीच्या संभाषणात याच शब्दांवर पैसा अवलंबून असतो. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशा पद्धतीने संख्यावाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! भाषेच्या सौष्ठवाची ती चिंता अनाठायी होती असे नव्हे. पण फोनवर रक्कम सांगणारा शहाणा विक्रेता ‘त्रेपन्न, म्हणजे पाच-तीन’ असे कोणी न शिकविताच म्हणतो.

विलंबाचा परिणाम याहून फसवा आहे. दहा भाषांतील प्रश्नोत्तरांचा जो तौलनिक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला (मराठी त्यांत नव्हती), त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होण्यास सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, असे आढळले. डोळ्याची पापणी लवण्याइतकाच हा काळ. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब सामान्यतः चालण्याजोगा मानला जातो. परंतु जाण्यायेण्याचा मिळून तो दुप्पट होतो, म्हणजे नैसर्गिक विरामाहूनही मोठा. २०१४ सालच्या एका प्रयोगात असे दिसले की, यंत्रामुळे झालेल्या विलंबाचे खापर ऐकणारे नकळत समोरच्या माणसावर फोडतात. तो कमी लक्ष देणारा आहे असे त्यांना वाटते. विक्रेत्याकडूनही हीच गफलत होते. ग्राहक गप्प आहे, म्हणजे डळमळतो आहे, असे समजून तो पुढचा युक्तिवाद सुरू करतो आणि नेमके त्याच वेळी ग्राहकाचे पोचू लागलेले उत्तर चिरडून टाकतो. भरताने ‘विच्छेद’ हे पाठ्याचे एक अंग मानले आणि विराम छंदासाठी नव्हे तर अर्थासाठी घ्यावा असे सांगितले. दूरस्थ संभाषणात त्यापुढे जाऊन विराम श्रोत्यासाठी घ्यावा लागतो, आणि तोही स्वतःला अवघड वाटेल इतका दीर्घ.

हस्तपुस्तकांतील सर्वांत लाडका आधार म्हणजे सात, अडतीस आणि पंचावन्न हे तीन आकडे. बोलण्याच्या परिणामात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ व मुद्रेचा ५५, असे ठामपणे सांगून विक्रेत्याला शब्दांची फिकीर सोडण्यास सांगितले जाते. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांवरून आले. त्या प्रयोगांत सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकविले गेले होते, एकात छायाचित्रांतील मुद्राही दाखविल्या होत्या, आणि बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी आवड आहे की नावड, एवढेच ओळखावयाचे होते. भावना व वृत्ती यांखेरीज अन्य बोलण्याला हे समीकरण लागू नाही, हे स्वतः मेहराबियन यांनी स्पष्ट केलेले आहे. तरीही आकडे गाजत राहिले. ते खरे मानले तर तमिळ न जाणणाऱ्या मराठी श्रोत्याला तमिळ विक्रेत्याचे त्र्याण्णव टक्के बोलणे उमगावयास हवे. एका सुट्या प्रयोगातील निष्कर्ष उचलून त्याचा सार्वत्रिक नियम करण्याची ही वृत्ती साहित्यसमीक्षेलाही अपरिचित नाही. परंतु येथे तिचा परिणाम असा झाला की, कर्जाचा व्याजदर सांगणारे वाक्य सुबोध आहे की नाही, याची काळजी दुय्यम ठरली आणि हसऱ्या आवाजाची तालीम प्रधान ठरली.

मुद्रेविषयी एवढे मात्र खरे की, व्हिडिओ कॉलवर तिचे स्वरूप बदलते. जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली अशा संभाषणांनी येणाऱ्या थकव्याची जी चार कारणे मांडली, त्यांत एक असे आहे की, बोलणारा सर्वकाळ स्वतःलाच पाहत असतो. व्यासपीठावरील कोणत्याही वक्त्यावर आरसा समोर धरून बोलण्याची पाळी आली नव्हती. स्वतःचे प्रतिबिंब झाकून ठेवणे हा यावर साधा उपाय आहे. स्लाइड दाखविताना तर विक्रेत्याचा चेहरा पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो आणि उरतो तो आवाजच. अशा वेळी पडद्यावरील वाक्येच मोठ्याने वाचून दाखविणे हा निव्वळ अपव्यय होय, कारण श्रोता ती आधीच वाचून पुढे गेलेला असतो.

विक्रीच्या बाजूने झालेल्या अभ्यासांपैकी नील रॅकहॅम यांचा अभ्यास येथे विशेष उपयुक्त आहे. बारा वर्षांत सुमारे ३५,००० विक्रीभेटींचे निरीक्षण करून १९८८ साली त्यांनी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा रोख वक्तृत्वाच्या विरुद्ध दिशेला जातो. यशस्वी भेटींत प्रश्न अधिक विचारले गेले होते. आणि सौदा झटपट पक्का करण्याच्या ज्या क्लृप्त्या लहान विक्रीत उपयोगी पडत, त्याच मोठ्या विक्रीत हानिकारक ठरत होत्या. व्हिडिओ कॉलचे युग त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले, ही मर्यादा लक्षात ठेवूनही त्यांचा निष्कर्ष या माध्यमाला अधिकच लागू पडतो असे दिसते. ज्याची मुद्रा वाचता येत नाही, त्याला विचारण्यावाचून गत्यंतर नाही. प्लेटोने फीड्रसमध्ये सॉक्रेटिसाच्या तोंडून लिखित शब्दावर जो आक्षेप घेतला, तो असा की, त्याला काहीही विचारले तरी तो तेच ते सांगत राहतो. पाठ केलेली संहिता म्हणणारा विक्रेता जिवंत असूनही या अर्थाने लिखितच झालेला असतो.

यात दोष विक्रेत्याचा किती? बहुधा थोडाच. संहिता त्याने लिहिलेली नसते, कॉलची संख्या त्याने ठरविलेली नसते, आणि त्याचे बोलणे कोणी तरी ऐकत असते ते तो संहितेपासून ढळला की नाही हे पाहण्यासाठी. समीक्षेचा रोख म्हणून संहिताकाराकडे वळला पाहिजे. ‘ही सवलत आज रात्री बारापर्यंतच’ असे वाक्य तो लिहितो आणि एका बावीस वर्षांच्या पदवीधराच्या तोंडी देतो. भाषेच्या दृष्टीने ते निर्दोष, परिणामाच्या दृष्टीने प्रभावी आणि पुष्कळदा असत्य असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली जे १३ फसवे प्रघात नावानिशी नोंदविले, त्यांत खोटी निकड निर्माण करणे हा एक आहे, आणि नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी शब्दयोजना करणे हाही एक. ते मुख्यतः विक्रीच्या संकेतस्थळांकडे पाहून लिहिले गेले असले तरी वक्तृत्वाच्या अभ्यासकाला या यादीत जुन्या ओळखीच्या गोष्टी दिसतील: भयाला आवाहन, लज्जेला आवाहन, काळाचे दडपण. विम्याच्या दूरविक्रीसाठी विमा नियामकाने २०११ सालीच मार्गदर्शक सूचना काढून संभाषणाचे ध्वनिमुद्रण आवश्यक केले, तेव्हा बोललेला शब्द हवेत विरत नाही हे तत्त्व व्यवहारात आले. सभेतील वक्त्याला टाळ्यांच्या कडकडाटात अतिशयोक्ती पचविता येत असे. येथे प्रत्येक वाक्य त्या एकाच न्यायाधीशासमोर पुन्हा वाजविले जाऊ शकते. व्यासपीठावरील भाषणापेक्षा हे बोलणे प्रतिज्ञापत्राला जवळचे आहे, आणि त्याचे व्याकरण, त्यातील संख्या व त्यातील ‘जर-तर’ यांची काळजी त्याच मानाने घेतली पाहिजे.

उपयोजित मराठीच्या वर्गात याचा विनियोग करावयाचा तर प्रथम परीक्षेची पद्धत बदलावी लागेल. वक्तृत्वाची परीक्षा आज परीक्षकासमोर उभे राहून, दिलेल्या विषयावर पाच-सात मिनिटे अखंड बोलून होते, आणि उच्चार, आवेश व देहबोली यांना गुण मिळतात. तिच्या जोडीला दुसरी एक परीक्षा घेता येईल. परीक्षार्थी एका खोलीत फोनवर आणि अनोळखी श्रोता दुसऱ्या खोलीत. विषय म्हणून एखाद्या ठेवयोजनेचे माहितीपत्रक द्यावे, ज्यात दोन अटी सोयीच्या आणि दोन गैरसोयीच्या आहेत. दहा मिनिटांनी फोन ठेवल्यावर श्रोत्याने आपणास काय कळले ते कागदावर लिहावे: रक्कम किती, मुदत किती, मध्येच पैसे काढल्यास काय होते, आणि आपल्याला नको असे म्हणण्याची सवड मिळाली की नाही. परीक्षार्थ्याला गुण द्यावयाचे ते त्या कागदावरून.